घोरपडीचं खरं वजन

“तुम्ही रोज सहा चाळीसला पडता,” दारातून कुणीतरी म्हणालं.

ती गादीवर उताणी पडली होती. हातांना खडूची पूड, गुडघ्याला ताजं खरचटलेलं, आणि डोक्यावर चढाईच्या सरावाची ती भिंत – रंगीबेरंगी पकडी ठोकलेली – जिच्यावरून ती नुकतीच धप्पकन खाली आली होती. तिने मान वळवली. दारात एक सडपातळ तरुण अनवाणी उभा होता. आत मात्र त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

“घड्याळ लावून बसता की काय?”

“पलीकडे माझा योगाचा वर्ग असतो. मधे नुसती लाकडी फळी. सहा चाळीसला आमचं शवासन सुरू होतं. सगळे शांत… आणि मग तुम्ही.”

“म्हणजे तक्रार घेऊन आलात.”

“छे! आज दोनदा आवाज आला. म्हटलं, बघू तरी, आहे कोण.” तो जरा घुटमळला. “एक विचारू? पडण्याआधी तुम्ही श्वास का रोखता?”

ती ताडकन उठून बसली. “तुम्हाला काय माहीत?”

“बाकीचे पडताना ‘आई गं’ तरी म्हणतात. तुमच्याकडून आधी काहीच ऐकू येत नाही. मग थेट धप्प.”

एवढं बोलून तो गेला. ती मात्र बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत बसली. फळीपलीकडून एखादा माणूस आपला श्वास ऐकतो, ही गोष्ट तिला आगाऊपणाची वाटायला हवी होती. वाटली नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि संध्याकाळी भिंतीवर चढायची. इथे सगळे तिला ‘घोरपड’ म्हणत, कारण एकदा धरलं की ती सोडत नसे. भिंतीवर शिकवणाऱ्याची एक जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या जागेपायी तिची झोप उडाली होती. परीक्षा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. पिवळ्या पकडींची वाट टोकापर्यंत चढायची, संधी दोनच. त्या वाटेवर अकराव्या पकडीपाशी पाय कमरेइतका वर टाकावा लागे, आणि तिचा पाय मांडीशीच अडायचा. तीच जागा तिने सरावासाठी खालच्या भिंतीवर मांडून घेतली होती. रोज तिथेच गाडं अडायचं.

“माझ्या सरांकडे ये की,” वहिनी म्हणाली. ती पाठदुखीसाठी त्याच वर्गात जायची. “आणि हो, तुझ्या त्या धप्पची आम्ही वाट बघत असतो हं. नाही ऐकू आलं तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.”

झालं. दुसऱ्याच दिवशी घोरपड योगाच्या वर्गात!

पहिल्या दिवशी पार फजिती झाली. तळपायाला तळपाय लावून बसायचं होतं, तर शेजारच्या आजोबांचे गुडघे जमिनीला टेकलेले आणि हिचे दोन्ही कानांशी. तिने दात-ओठ खात गुडघे दाबले.

“काय करताय?” तो शेजारी येऊन बसला.

“जिंकतेय.”

“कुणाशी?”

तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबा डोळे मिटून मंद हसत होते. त्याला हसू आवरेना. “पायाची बोटं सोडा जरा. जमीन पळून चाललेली नाहीये.”

“मला सोडायची सवय नाही.”

“दिसतंय ते,” तो हळूच म्हणाला. “श्वास सोडा. गुडघे आपोआप खाली येतील… आज नाही, पण येतील.”

खरंच, पंधरा दिवसांत ते चार बोटं खाली आले. पण तिची उत्सुकता तिला गप्प बसू देईना. सकाळी काचा घासताना मनात त्याचेच प्रश्न. हा माणूस एका पायावर झाडासारखा उभा राहतो, मग आमच्या दारातून आत का येत नाही? खिडकीपाशी चटई का टाकत नाही? शेवटी एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर बाहेर पावसाची सर आली आणि दोघं वळचणीला अडकली, तेव्हा तिने विचारून टाकलं.

“तुम्ही आत का येत नाही?”

“हसणार नसाल तर सांगतो.”

“हसणार. पण सांगा.”

“मला उंचीची भीती वाटते. चढायची तर सोडाच, नुसतं वर पाहिलं किंवा खिडकीतून खाली पाहिलं तरी गरगरतं. घरातला दिवा गेला तर शेजारच्या काकूंना बोलावतो… त्या सत्तर वर्षांच्या आहेत.”

ती हसली. मग तोही हसला. पागोळ्या दोघांच्या पायांवर उडत होत्या, आणि सर ओसरली तरी बराच वेळ कुणी निघालं नाही.

परीक्षेला दोन आठवडे उरले आणि घात झाला. परीक्षेत उंच भिंतीवर चढताना कमरेला बांधलेला दोर खालून धरणारा जोडीदार आपला आपण आणावा लागे. तिचा दोर नेहमी तिचा दादा धरायचा, आणि नेमकं त्या रविवारी दादाला कामावर बोलावलं.

“मी धरतो,” योगवाला म्हणाला.

“तुम्ही? दोर धरणाऱ्याला सतत वर बघावं लागतं.”

“तुम्ही गुडघे खाली आणलेत. मी नजर वर नेईन.”

आणि त्याने ती नेली. रोज एकेक पकड. दाराशी उभा राहून, श्वास मोजत. “आज चौथीपर्यंत पाहिलं,” तो अभिमानाने सांगायचा. “आज आठवी. नववीला जरा घेरी आली, पण छान घेरी होती.” तिला त्या वेळी त्याच्याकडे बघत राहावंसं वाटे. एवढं धाडस तिने उभ्या जन्मात भिंतीवर पाहिलं नव्हतं.

दादाने त्याला दोर शिकवला. पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, “वजनं सांगा दोघांची. खालचा फार हलका असेल तर वरचा पडताच तो वर ओढला जातो, मग त्याच्या कमरेला वाळूचं पोतं बांधावं लागतं.”

आता घोरपडीने आजवर वजनाची कधी फिकीर केली नव्हती. पण तो समोर उभा होता, काडीसारखा. “अठ्ठावन्न,” ती म्हणाली. तिचं वजन होतं सहासष्ट.

त्यानेही छाती पुढे काढली. “माझं… त्रेसष्ट.”

दादाने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं, पण परीक्षेच्या अर्जावर मुकाट्याने तेच आकडे लिहिले. सरावात दादा मागून त्याचा पट्टा धरून उभा असे, त्यामुळे कुणाला काही उमगलं नाही.

रविवारी भिंतीखाली ही गर्दी. वहिनी आणि वर्गातले आजोबा पुढच्या बाकावर. परीक्षक बाई हातात कागद घेऊन उभ्या. तिने गाठ तपासली, त्याने पट्टा तपासला, आणि ती निघाली.

पाचवी, सहावी, नववी. अकरावीपाशी ती थांबली. तिने श्वास सोडला, अगदी सावकाश, आणि पाय उचलला. कमरेशी आला, टेकला! खाली आजोबांनी टाळी वाजवली. आता बारावी हाताशी होती, पोराटोरांना जमेल इतकी सोपी. पण तिच्या मनात नको ते कुतूहल जागं झालं. तो बघतोय का? इतक्या वर?

तिने खाली पाहिलं. तो बघत होता. चेहरा पांढराफटक, ओठ आवळलेले, आणि डोळे सताड उघडे, तिच्यावर खिळलेले. तिचा श्वास अडकला. आणि हात सुटला.

ती खाली आली, आणि तो वर गेला! वाळूच्या पोत्याविना, विहिरीच्या रहाटाला लटकल्यासारखा, सरळ हवेत. अर्ध्या वाटेवर दोघं समोरासमोर येऊन लोंबकळत थांबली. दोर त्याने मुठीत घट्ट धरून ठेवला होता. डोळे मात्र गच्च मिटलेले.

“तुमचं वजन त्रेसष्ट नाहीये,” ती कुजबुजली.

“छप्पन्न. आणि तुमचं?”

“सहासष्ट.”

“खोटं का सांगितलंत?”

“तुम्ही ऐकत होतात म्हणून.” तिने दोर धरून स्वतःला त्याच्याकडे वळवलं. “मला तू आवडतोस. खूप आवडतोस.”

त्याने एक डोळा किलकिला केला. “आधी खाली जाऊ. उत्तर तिथे देतो. इथे दिलं तर घाबरून दिल्यासारखं होईल.”

खाली परीक्षक बाई वाटच बघत होत्या. “शिकवणाऱ्याने वजन खोटं सांगितलं, तर उद्या शिकणाऱ्याचा जीव जाईल. कळतंय का?”

तिची मान खाली गेली. एका आकड्यापायी आपण याचाही जीव टांगणीला लावला, या विचाराने तिला रडूच आलं. तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सहासष्ट किलो, बाई. अर्जावर खोडून लिहा.”

बाईंनी खोडून लिहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. “छप्पन्न,” तो पुटपुटला. तेही लिहिलं. “पहिली संधी गेली. दुसरी शेवटची. पोतं बांधा.”

वहिनीने पोतं ओढत आणलं. तो पट्ट्याला ते अडकवत असताना ती जवळ सरकली. “उत्तर?”

“वर जाऊन या.”

“हे ब्लॅकमेल आहे.”

“श्वास सोडत जा,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

ती चढली. हात भरून आलेले, पोटऱ्या थरथरणाऱ्या. अकरावीला पाय पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा बसला. बाराव्या पकडीवर तिने खाली पाहिलं नाही. खालून एका लयीत श्वास सोडल्याचा आवाज येत होता, एकट्याचा नव्हे, अख्ख्या बाकाचा. चौदावी. पंधरावी. मग वरची कडी.

“पोचले!” ती ओरडली, आणि मगच खाली वळून पाहिलं.

त्याची मान पार मागे गेलेली होती. तो डोळे उघडे ठेवून पंधराव्या पकडीकडे, तिच्याकडे बघत होता.

“हो!” तो ओरडला. “मलाही! पहिल्या दिवसापासून!”

परीक्षक बाईंनी कागदातून मान वर केली. “दोरवाल्याने ‘धरलंय’ म्हणायचं असतं.”

“धरलंय,” तो म्हणाला, आणि नजर जराही खाली न आणता पुन्हा म्हणाला, “हो.”