उन्यासी की नवासी

शेकोटीत अजून एक लाकूड टाका, पोरांनो. ही गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट श्यामरावांची, म्हणजे खरीच. रचून सांगण्याइतकी कल्पनाशक्ती कारकुनाकडे नसते.

शहापूरजवळ हमरस्त्यावर मोटारींचे सांगाडे बनवणारा कारखाना होता. कामगार येताना फळीवरचा आपला नंबर कोरलेला पितळी बिल्ला काढून पेटीत टाकायचा. पेटीत बिल्ला, म्हणजे माणूस हजर. त्र्याऐंशीच्या डिसेंबरात छाटणी आली. साहेबलोक तिला पुनर्रचना म्हणत. मोठ्या साहेबांनी फोनवर हिंदीत नंबर सांगितले. ते म्हणाले 'नवासी', म्हणजे एकोणनव्वद. श्यामरावांनी ऐकलं 'उन्यासी', आणि टाइप केलं ७९.

एकोणनव्वद नंबरवाला दोन वर्षं कामावर झोपत होता. तो राहिला. एकोणऐंशी होता कोंढ्याचा केवळराम, वेल्डर. त्याचा बिल्ला श्यामरावांच्या खणात कुलूपबंद झाला. चूक आठवड्यातच कळली. पण कबूल केली असती, तर पुढच्या यादीत टायपिस्टचाच नंबर लागला असता. श्यामराव गप्प राहिले.

बारा जानेवारी, गुरुवार, रात्रीचे पावणेनऊ. दुपारपासून घरी दार लावून टाइप केलेली दुसरी यादी फाटकावर डकवायला श्यामराव सायकलनं निघाले. धुकं होतं. नाल्याच्या पुलावर केवळराम भेटला. हातात डबा.

"एवढ्या थंडीत कुठं रे?"

"ड्युटीवर जाऊन राहिलो, बाबूजी. बायकोले सांगतलोच नाही अजून. रोज डबा भरून देते ना थे."

श्यामराव हसले. एकटेच.

"माहा नंबर काहून आला जी यादीत?"

"वरून आला."

"वरून... का तुमच्या कानातून?"

श्यामराव सायकलवरून उतरले.

"चुकलं, केवळराम. माझंच."

"मंग दुरुस्त करा ना जी."

"उद्या करतो."

"उद्या..."

श्यामराव सायकल ढकलत पुढं निघाले. सायकलचा आवाज तेवढा. पावलांचा... नव्हता.

वळून पाहिलं. पूल रिकामा.

फाटकावर श्रावण चौकीदार डोळे पुसत होता.

"बाबूजी, आपला केवळराम गेला जी. चार वाजता नाल्यातून काढलं. डबा भरलेलाच होता..."

श्यामराव ऑफिसात धावले. खणाला कुलूप. खण रिकामा.

रात्रपाळी अजून यायची होती. तरी पेटीत एक बिल्ला होता.

७९.

ओला.

पुढं श्यामराव वारले, आणि तो बिल्ला माझ्याकडे आला. रुमालात बांधून ठेवतो.

रुमाल रोज वाळत घालावा लागतो.