त्याने आणलेली बॅटरी

“माफ करा… हा प्लग चालू आहे का?”

वाचनालयाच्या त्या लांबलचक खोलीत एकच प्लग धड होता, आणि तो नेमका त्याच्या टेबलाखाली! तिच्या लॅपटॉपने भर दुपारी मान टाकली होती आणि अनुवादाचं अर्धं पान आत अडकलं होतं.

“चालू आहे,” तो म्हणाला. “पण भाडं पडेल.”

“काय भाडं?”

“समोर बसावं लागेल.”

आगाऊच होता! पण ती बसली. तो नकाशे आखायचा, म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणत. ती दुसऱ्यांची वाक्यं झरझर या भाषेतून त्या भाषेत न्यायची. स्वतःच्या मनातलं बोलायचं म्हटलं की मात्र दातखीळ बसायची.

तासाभराने त्याने तिचा लॅपटॉप ओढून घेतला. “जुनी हार्ड डिस्क आहे हो. काम नसलं तरी गरगर फिरत राहते. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की थांबायचं, असं सांगून ठेवतो तिला. त्याने थोडंच वाचेल म्हणा, खरी खादाड ही स्क्रीन.” त्याने उजेड उतरवला. “आता बघा, संध्याकाळपर्यंत टिकेल.”

दुसऱ्या दिवशी बॅटरी खरंच टिकली आणि तीच पंचाईत झाली. प्लग नको, तर त्याच्यासमोर बसायचं कशाच्या जोरावर?

मग तिने घरूनच सगळं उलटं करून आणलं. डिस्क कधी थांबवायची? कधीच नाही. स्क्रीन? लख्ख. दुपारच्या आत बॅटरी संपली आणि बाईसाहेब पडलेल्या चेहऱ्याने टेबलापाशी हजर.

“पुन्हा?”

“पुन्हा… काय करू?”

तो हसला, सगळं नीट लावून दिलं. सकाळी तिने पुन्हा बिघडवलं. हे महिनोन्महिने चाललं. ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं कळलं नाही. वायर देताना बोटाला बोट लागायचं, आणि मग तीच ओळ ती चारदा वाचायची.

एका दुपारी तो उशिरा आला. खिडकीवर पावसाची बुरबुर चालू होती.

“आई मागे लागलीये,” तो म्हणाला. “स्थळ आलंय. आज हो की नाही ते सांगायचंय.”

तिने टाइप करणं थांबवलं. “मग?”

“मग… काही नाही.” त्याने पिशवीतून खोकं काढलं. तिच्या लॅपटॉपची नवीकोरी बॅटरी. “ही दिवसभर चालेल. नको असेल तर… सांग. परत करता येते.” आणि तिच्याकडे बघत राहिला.

म्हणजे जायच्या आधी सगळं निस्तरून चाललाय, तिला वाटलं. अभिमान आडवा आला.

“बरं झालं,” ती म्हणाली, वर हसलीसुद्धा. “आता कुणापुढे हात पसरायला नको.”

शहाणीच ती! जीभ आवरायची तिथेच सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला वाचनालयाच्या जिन्यात गाठलं. डोळे सुजलेले होते, पण लपवायचं त्राण नव्हतं.

“ते सगळं मीच बिघडवायचे. रोज. मुद्दाम.”

“माहीत आहे.”

“…काय?”

“सेटिंग आपोआप बदलतं का गं? मला वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. म्हणून तर बॅटरी आणली. काल तू ‘नको’ म्हणाली असतीस, तर—”

“मग तूच विचारायचंस ना! तोंड नव्हतं तुला?”

“तोंड होतं. धीर नव्हता.”

“आता विचार.”

तो कठड्यावर बोट फिरवत राहिला. “काल संध्याकाळी होकार कळवला. त्या मुलीशी फोनवर बोललो. खूप आनंदात होती… सारखी हसत होती.”

“मोडता येत नाही?” विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

“तू म्हणालीस तर मोडतो.” तो म्हणाला. “पण तिने कुणाचं काय वाकडं केलंय?”

त्या मुलीने काहीच केलं नव्हतं. कुठल्याशा घरात ती या क्षणीही हसत असेल. आणि हिला तो हवा होता, इतका हवा होता की छाती दुखत होती.

“जा,” ती म्हणाली. “आई वाट बघत असेल.”

तो उतरू लागला. ती कठडा घट्ट धरून उभी राहिली. त्याने एकदा, फक्त एकदा वळून पाहिलं असतं, तर ‘मोड’ म्हणायला ती पळत खाली गेली असती.

तो वळला नाही.