डबडूच्या चक्रीचं बीज

सलग चौथ्या रविवारी चक्रीचा काटा रुंजीच्या नावावर थांबला, तेव्हा शाल्मलीची खात्रीच पटली की डबडूला आपण आवडत नाही.

डबडू हा आजोबांनी घरीच बनवलेला यंत्रमानव. पोट जुन्या पिंपाचं, चाकं मोडक्या व्हीलचेअरची आणि छातीवर एक गोल, चकचकीत चक्री. देवगडच्या खाडीवर तरंगणाऱ्या त्यांच्या सौरघरात लहानसहान निर्णय ही चक्रीच घेई. नाश्त्याला काय, खिडकीशी कोण बसणार, भांडी कोण पुसणार. डबडूला पर्याय सांगायचे, चक्रीवर तितके रंगीत भाग उमटायचे, काटा गरगर फिरायचा आणि थांबायचा. एकदा थांबला की कुणी कुरकुर करायची नाही, असा घरचा नियम होता.

पण रविवारचा निर्णय लहानसहान नव्हता. दोघी बहिणींची आई चंद्रावरच्या वसाहतीत खडकांचा अभ्यास करत होती. तिच्याशी आठवड्यातून एकदाच, रविवारी संध्याकाळी बोलता येई, तेही थोडाच वेळ. जिचा पहिला नंबर, तिच्याच गप्पांत तो वेळ संपायचा. दुसरीच्या वाट्याला "जेवतेस ना नीट?" एवढंच. शाल्मली तीन आठवडे नीट जेवत असल्याचंच सांगत होती.

"हा रुंजीचे लाड करतो," ती म्हणाली.

"माझ्यात लाड बसवलेले नाहीत," डबडू म्हणाला. "नाश्त्याचं विचारायचं आहे का?"

"विचार बाबा," आजोबा म्हणाले. काटा फिरला आणि शिऱ्यावर थांबला. फडक्याने डबडूची पाठ पुसत आजोबा शाल्मलीकडे वळले. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून दर रविवारी सकाळी ते डबडूला बंद करून पुसत, मग चालू करून आधी बहिणींचा नंबर ठरवत. आज एक कोपरा राहिला होता.

"हे बघ शालू, नाणं चारदा उडवलं तर चारही वेळा छापा पडू शकतो. कुणी लबाडी न करतासुद्धा. तेव्हा सलग चार वेळा रुंजी आली, एवढ्यावरून चक्री वाईट ठरत नाही. दुसरं काही आहे तुझ्याकडे?"

"मला राग आलाय, हे आहे."

"तो पुरावा नाही."

रुंजी पायरीवर बसून पाण्यात पाय हलवत होती. "परत शिरा," ती कंटाळून म्हणाली. "दर रविवारी काय शिराच?"

शाल्मलीने वळून तिच्याकडे पाहिलं. खरंच की. मागच्या रविवारीही आधी रुंजी आणि मग शिरा. त्याच्या मागच्याही. इतर दिवशी मात्र कधी पोहे, कधी घावन.

"आजोबा, याला बंद करून परत चालू करा. आणि मघासारखंच विचारा. आधी नंबर, मग नाश्ता."

आजोबांनी तसं केलं. रुंजी. शिरा.

"पुन्हा एकदा."

रुंजी. शिरा.

आजोबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला उगाचच पुसला. "शालू, तू बरोबर आहेस. आणि घोळ माझा आहे. बस इथे."

त्यांनी खडूने फळीवर ३ लिहिला. "डबडूच्या डोक्यात खरा काटा नाही, नुसतं गणित आहे. समज, आकड्याला सातने गुणायचं, अकराने भागायचं आणि बाकी ठेवायची. कर."

"तीन साते एकवीस. बाकी दहा."

"आता दहाला तसंच कर."

"सत्तर. बाकी चार." मग सहा आली, मग नऊ, मग आठ.

"दहा, चार, सहा, नऊ, आठ. नुसतं पाहणाऱ्याला वाटेल, कसेही आलेत. यादृच्छिक (पुढचा कोणता येईल हे आधी सांगता न येणारे) वाटतात. डबडूचं गणित याहून पुष्कळ मोठं आहे, पण जात तीच. आता परत तीनपासून सुरू केलं तर?"

"परत दहा, चार, सहा…" शाल्मली थबकली. "म्हणजे दर वेळी तेच!"

"तेच. ज्या आकड्यापासून मोजणी सुरू होते, त्याला बीज म्हणतात. बीज तेच, तर आकडेही तेच. महिन्यापूर्वी डबडूची चाचणी घेताना मी बीज मुद्दाम एकच ठेवलं होतं. म्हणजे चूक झाली तर नेमकी तशीच पुन्हा घडवून शोधता येते. आम्हा प्रयोगवाल्यांची सवय. नंतर काढायला विसरलो. मी बंद करून चालू केलं की गाडी पहिल्यापासून."

"म्हणजे तो लाड करत नव्हता."

"मी तेच सांगत होतो," डबडू म्हणाला.

"मग बीज दर वेळी वेगळं हवं," शाल्मली म्हणाली. "आणि आपल्यालाही माहीत नसेल असं." तिने कान दिला. खालून पाणी फळ्यांवर आपटत होतं, कधी जोरात, कधी हळू. "आजोबा, डबडूला ऐकू येतं ना? चालू झाल्यावर त्याने पाण्याचा आवाज मोजावा. अगदी बारीक, शेवटच्या अंकापर्यंत. तो अख्खा आकडा बीज."

आजोबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि स्क्रू पिळायचं हत्यार तिच्याच हातात दिलं.

दुपारपर्यंत काम झालं. चारपाचदा बंदचालू करून त्यांनी पाहिलं. कधी शाल्मली, कधी रुंजी, कधी घावन. मग आजोबा म्हणाले, "आता खरंखुरं. हे धरायचं." काटा गरगरला, रेंगाळला, आणि रुंजीवर थांबला.

शाल्मलीने खालचा ओठ दाताखाली धरला.

"परत फिरवू का?" रुंजीने विचारलं.

"नको," शाल्मली म्हणाली. "हवं ते येईपर्यंत फिरवलं तर चक्री कशाला? मग मीच निवडल्यासारखं."

संध्याकाळी पडद्यावर आई दिसली. चंद्रावर आवाज पोचायला सव्वा सेकंद लागतो आणि उत्तर यायला तितकाच, म्हणून बोलून झालं की थांबावं लागे. रुंजी कधी थांबत नसे.

"आई, ताईने डबडूचं डोकं दुरुस्त केलं! बीज एकच होतं ना, म्हणून रोज मी, नाही, रविवारी मी आणि शिरा. आता तो पाणी ऐकतो. बाकी दहा येते. थांब, मला नाही जमत. ताई, तू सांग."

तिने शाल्मलीला ओढून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः तिच्या मांडीवर बसली. शाल्मलीने पहिल्यापासून सांगितलं, तीन साते एकवीसपासून. आई मधेच काही विचारे, ती उत्तर देई, आणि दोघी त्या छोट्याशा शांततेत एकमेकींकडे बघत थांबत. वेळ संपत आल्याचा दिवा लागला तरी नीट जेवण्याचा विषय निघालाच नाही.

"मग पुढच्या रविवारी पहिलं कोण बोलणार?" आईने विचारलं.

शाल्मलीने डबडूकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," डबडू म्हणाला.

"आम्हालाही नाही," शाल्मली म्हणाली. तिचं हसू चंद्राकडे निघालं, आणि अडीच सेकंदांनी आईचं हसू परत आलं.