कारणाचा रकाना

“अम्मायी, अगं पोरी, तो पोरगा तुझ्याकडे टक लावून बघतो ना, ते तुझ्यासाठी नव्हे. कालची तू आणि आजची तू सारखी आहेस की नाही, एवढंच तो बघतो. त्याचाच त्याला पगार मिळतो.”

वेणीत कनकांबराचा गजरा माळताना कुमारक्का म्हणाली होती. हिरॉइनींचे केस करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. मी आरशातच हसले. एकवीस वर्षांची होते, तेनालीहून बी.कॉम. होऊन हैदराबादला आले होते, पहिलाच सिनेमा आणि तोही हिरॉइन म्हणून. मला कोण काय शिकवणार!

तो पोरगा म्हणजे फणींद्र, आमचा असिस्टंट डायरेक्टर. सिनेमात नायिका दार उघडते मार्चच्या शूटिंगमध्ये आणि आत पाऊल टाकते ऑगस्टच्या. मधे टिकली सरकली तरी पंचाईत. ते सांभाळणं त्याचं काम. फोनमध्ये माझे शेकडो फोटो, बगलेत वही.

पहिल्यांदा बोललो ते टँकरच्या पावसात. एप्रिलचं रणरणतं ऊन, वरून पाइपचं गार पाणी, डिझेलचा वास... माझे दात वाजत होते. तो भिजतच आत धावला.

“हिमबिंदू गारू, डाव्या हातात सात बांगड्या होत्या. आज सहाच.”

“रोज मोजता की काय?”

“रोज.”

“मग उजव्या हातात?”

“पाच. आणि... ती बट कानामागे नव्हती. गालावर होती.”

“मग ठेवा की जागेवर.”

त्याचं बोट पुढे आलं – आणि माझ्या गालापाशी थबकलं. “केसांना हात लावायचा हक्क फक्त अक्काचा,” तो पुटपुटला. कान मात्र लालबुंद!

एकदा मेकअप झाल्यावर म्हणाला, “आज रडलात. काल डोळे असे नव्हते.” आईची आठवण आली होती. अख्ख्या युनिटमध्ये दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. मी त्यालाच प्रेम समजले. अजूनही वाटतं... होतंच ते प्रेम.

हिरोच्या तारखा मिळेनात, शूटिंग रखडलं. श्रावणात आम्ही यादगिरीगुट्ट्याच्या देवळात जाऊन लग्न केलं. गुपचूप, कारण लग्न झालेली नवी हिरॉइन कुणालाच नको असते. मंगळसूत्र निळ्या रुमालात गुंडाळून हॉस्टेलच्या ट्रंकेत.

कार्तिकात शूटिंग पुन्हा सुरू झालं, तेव्हा मला तिसरा महिना होता. सहा आठवड्यांचं काम उरलेलं, त्यातली निम्मी दृश्यं शाल पांघरलेली. निभावलं असतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यालाही नाही.

त्यालाच आधी कळलं. एका हातात जुना फोटो, समोर मी.

“बिंदू, ब्लाउज उसवलास?”

“हो.”

“का गं?”

“ओळख की! फार ओळखतोस ना मला?”

त्याचे डोळे भरून आले. डब्यातली पूतरेकुची पातळ, गोड घडी मोडून अर्धी माझ्या तोंडात घातली, साखर हनुवटीवर सांडली. “मुलगीच होणार!”

“हेही वहीत लिहिशील?”

“वेडी!”

दुसऱ्या दिवशी प्रोड्यूसर गारूंनी बोलावलं. समोर फणीच्या वहीतलं पान. तेच तिरकं अक्षर. ‘नायिका – कंबर वाढली. आधीच्या दृश्यांशी जुळत नाही. कारण – माहीत नाही.’

मी ते पान दोनदा वाचलं. त्यांनी काय काय विचारलं ते आता आठवत नाही. माझी दृश्यं पुन्हा काढायची ठरली, दुसरी मुलगी घेऊन.

फणी जिन्यात उभा होता.

“फोटोत दिसलंच असतं गं. लपवलं असतं तर माझं काम गेलं असतं.”

“लिहिलंस त्याचा राग नाही, फणी. पण कारण माहीत नाही?”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “खरं लिहिलं असतं तर दोघंही गेलो असतो. एक तरी राहायला हवा ना?”

तो राहिला. मी तेनालीला आईकडे आले. माझी लेक दोन महिन्यांची झाली. तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची मला सवयच लागलीय. बारशाला तो आला नाही. शेड्यूल होतं म्हणे.

माझ्या जागी घेतलेली मुलगी भ्रमरांबा. पालकोल्लूची, एकोणीस वर्षांची. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. ‘अक्का, तुमच्या जागी आले, राग धरू नका. एक विचारू? फणी गारू कसे आहेत हो? लग्न करू म्हणताहेत. इतक्यात कुणाला सांगायचं नाही, असंही म्हणताहेत.’

मी लिहीत होते, पुसत होते. मी त्याची बायको आहे, हे लिहायला मला लाज वाटली... की मत्सर वाटला? मांडीवर लेक रडायला लागली. मी घाईघाईनं लिहिलं, ‘चांगले आहेत.’

दुसऱ्या दिवशी सगळं खरं लिहून पाठवलं. ते तिला पोचलंच नाही. पाच दिवस तिचा फोन बंद आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी हैदराबादला कृष्णानगरच्या बाजूला राहत असेल, तर एवढं कराच. पोस्टाच्या मागच्या गल्लीत मुलींचं हिरवं हॉस्टेल आहे, दुसरा मजला. भ्रमरांबा आहे का विचारा. दार उघडलं नाही तरी लगेच माघारी फिरू नका. आणि भेटली, तर सांगा – तेनालीच्या अक्कानं खोटं लिहिलं होतं.