पावणेदोनची हजेरी

भुताची गोष्ट म्हटली की माणसं आधी रात्र विचारतात. अमावास्या होती का, किती वाजले होते…

ही दुपारची आहे.

गेल्या वर्षीचा मार्च, शनिवार. सांगलीतल्या एका ऑफिसचा दुसरा मजला. बाहेर कडक ऊन. ज्यांच्यावर हे गुदरलं ते मानसिंगराव अजून आहेत, आणि त्यांनी यात एक अक्षरही वाढवलेलं नाही. वाढवून सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

मानसिंगराव मूळचे कोरेगावचे. वय अठ्ठावन्न. उभी हयात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेली. बायको वारली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. ऑफिसात बाकी सगळी पंचविशीतली पोरं.

पलूसकडच्या एका पाणी संस्थेचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. नदीकाठी जॅकवेल आहे, म्हणजे मोटरीची खोल विहीर. तिथनं पाणी उचलून उसाला जातं. मोटर सुरू व्हायची ती सांगलीतल्या कॉम्प्युटरवरून. पण मानसिंगरावांनी एक अट घातली होती.

पंपघरातल्या माणसाने आधी विहिरीत वाकून बघायचं. हाक मारायची. आत कोणी नाही अशी खात्री झाली की भिंतीवरचं बटन दाबायचं. मग सांगलीत पडद्यावर ‘हजर’ अशी अक्षरं उमटायची.

ती उमटल्याशिवाय मोटर हलायची नाही.

कारण विहिरीतल्या जाळीत जलपर्णी अडकली की माणूस शिडीने खाली उतरतो. तो खाली असताना मोटर सुरू झाली तर… पुढचं सांगायला नको.

बटनावर गुंडाआबा होते. चार वर्षांपूर्वी ते घरीच, झोपेत गेले. त्यांच्या जागी तानाजी आला. ‘हजर’ रोज पावणेदोनला येत राहिलं. कधीमधी पाच-दहा मिनिटं उशिरा यायचं, तेव्हा मानसिंगराव म्हणायचे, “हा नवा गडी आळशी दिसतोय. गुंडाआबा घड्याळासारखे होते.”

आता त्याच्या जागी नवा प्रोग्रॅम लिहिला ऑफिसातल्या ऋषिराजने. हुशार पोरगा. शुक्रवारी संध्याकाळी तो म्हणाला,

“सर, उद्या दोन वाजता नवा सुरू. ती बटनाची अट काढून टाकली. विहिरीवर कॅमेरा बसवलाय की आता.”

“जॅकवेल बघून आलास का?”

“व्हिडिओ बघितलाय.”

“आमच्या वेळी शनिवारी नवा प्रोग्रॅम कोणी सुरू करत नव्हतं. आणि जागेवर गेल्याशिवाय तर नाहीच नाही.”

“आवं सर, तुमच्या वेळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायला लागायचं म्हणं! उदबत्ती पण लावत होता का?”

सगळे हसले. मानसिंगरावही हसले.

“उद्या आम्ही सगळे पाचगणीला चाललोय,” ऋषिराज म्हणाला. “तिथनंच लॅपटॉपवरून करतो सुरू. तुम्ही येताय का? चालणं लय आहे म्हणा…”

“जाऊन या तुम्ही.”

एक गोष्ट त्यांनी पोरांना सांगितली नाही. ते स्वतःही चार वर्षांत पंपघरावर गेले नव्हते. गुंडाआबांच्या दहाव्यालासुद्धा नाही.

शनिवारी ऑफिसात ते एकटेच. रिकाम्या खुर्च्या. कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर अजून चालू होता. त्याचा शेवटचा दिवस. शेवटचं ‘हजर’ बघू, म्हणून डबा घेऊन ते त्याच्यासमोर बसले.

पावणेदोन वाजले.

काही आलं नाही.

दहा मिनिटं गेली. घास हातातच राहिला.

एक छप्पन्न… एक सत्तावन्न…

तेव्हा त्यांना जाणवलं की डोक्यावर पंखा फिरतोय, पण त्याचा आवाज… येत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांचा नाही. कशाचाच नाही.

आणि पाठीमागे कोणीतरी खाकरलं.

म्हातारं, विडी ओढणारं खाकरणं…

त्यांनी वळून पाहिलं. रिकाम्या खुर्च्या.

पंख्याचा आवाज परत आला. मानसिंगरावांनी तानाजीला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही. मग त्यांनी ऋषिराजला लावला.

“ऋषी, थांबव. ‘हजर’ आलं नाही.”

“सर, ते आता लागतच नाही.” मागे वारा होता, पोरापोरींचं हसणं होतं.

“विहिरीत कोणीतरी आहे.”

“मी कॅमेऱ्यात बघतोय सर. मोकळी आहे. नुसतं पाणी दिसतंय.”

“दहा मिनिटं थांब.”

“सर, संस्थेचे लोक वाट बघत असतील…”

“तीन वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं का मी? दहा मिनिटं दे.”

मग, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशा आवाजात, “बरं सर. थांबवलं.”

दोन वाजले. दोन वाजून तीन मिनिटं. मानसिंगराव फोनकडे बघत बसले. आपण खरंच म्हातारे झालो का, हा विचार त्यांच्या मनात आला, असं ते स्वतःच सांगतात.

सहाव्या मिनिटाला फोन वाजला. तानाजी. धाप लागलेली.

“सायेब, फोन केलावता? मी खाली हुतो, विहिरीत. जलपर्णीनं जाळी पार चोंदली हुती.”

मानसिंगरावांनी डबा बाजूला सारला.

“कॅमेऱ्यात… दिसला नाहीस तू.”

“त्यो पलीकडच्या अंगाला बघतोय सायेब. शिडी हिकडं हाय. कोन इचारतंय बसवताना?”

“बरं झालं बटन दाबलं नाहीस.”

“कुठलं बटन?”

“भिंतीवरचं. रोज दाबतोस ते.”

“ते व्हय? ते मी यायच्या आधीच उपटलंया सायेब. निस्त्या तारा लोंबत्यात.”

“मग रोज…”

“मला वाटलं तुमीच तिकडनं बघताय. चार वर्सं झाली, मी खाली असलो की मोटर कवा सुरू झाली न्हाई. घरी बी म्हनतो, आपल्यावर सायबांचं ध्यान हाय.”

मानसिंगरावांनी फोन खाली ठेवला. मान वळवून पडद्याकडे पाहिलं.

दोन वाजून नऊ मिनिटं.

अक्षरं उमटली…

हजर.

सोमवारी ते पंपघरावर गेले. ऋषिराजने स्वतःहून गाडी काढली. भिंतीतून दोन तारा लोंबत होत्या. टोकं गंजलेली, त्यावर कुंभारमाशीचं वाळलेलं मातीचं घर. ऋषिराज शिडीपाशी उभा राहून बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत होता. मग शिडीकडे. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, “मी दोनच्या ठोक्याला सुरू करणार होतो सर.”

“केलं नाहीस ना.”

“तुम्ही सांगितलं म्हणून.”

त्या आठवड्यात भिंतीवर नवीन बटन बसलं. अट नव्या प्रोग्रॅममध्ये परत आली. ऋषिराजने ती स्वतः लिहिली, जागेवर बसून. आता तानाजी वाकून बघतो, हाक मारतो, बटन दाबतो. सगळं रीतसर चाललंय.

मानसिंगरावांनी जुना कॉम्प्युटर मात्र बंद केला नाही. पोरांनीही त्यावर काही थट्टा केली नाही.

त्या शनिवारनंतर त्याच्या पडद्यावर एकदाही ‘हजर’ आलेलं नाही.

लोक म्हणतात, गुंडाआबा सुटले. काम संपलं, जीव मोकळा झाला. मानसिंगरावांनाही तसंच मानायचं आहे. पण अट त्यांनीच लिहिलेली आहे. ‘हजर’ न येण्याचा अर्थ एकच, खाली कोणीतरी आहे.

म्हणून रोज पावणेदोनला ते तानाजीला फोन करतात.

“वर आहेस ना रे?”

“वरच हाय की सायेब. बटन बी दाबलंया.”

“खाली कोण आहे?”

“कुनी न्हाई. आत्ताच हाक मारली.”

“आवाज आला का काही?”

“न्हाई सायेब.”

फोन ठेवून ते जुन्या पडद्यासमोर बसून राहतात. पडदा कोरा असतो…

इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी कधी खोटं बोललेला नाही.