भाऊसाहेबांचा जांभळा कान

सांगलीत विश्रामबागेतल्या जनावरांच्या दवाखान्यात शरयू कुणाच्या तरी कुत्र्याचं औषध न्यायला आली होती. समोरच्या बाकावर एक तरुण मांडीवर पिशवी घेऊन बसला होता आणि पिशवीतून एक पिवळा बोका डोकावत होता. बोक्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि उडी मारली ती थेट शरयूच्या खांद्यावर.

“माफ करा हं… भाऊसाहेब अनोळखी माणसाकडं कधी जात नाहीत.”

“भाऊसाहेब कोण?”

“तो. मी सुमंत.”

लोक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन कुत्री-मांजरं सांभाळायची, हा शरयूचा व्यवसाय. तिचे बाबा चारचौघांत “दवाखान्यात असते” म्हणून वेळ मारून न्यायचे. पण शरयूला आपल्या कामाची लाज कधी वाटली नव्हती. ती वाटायची वेळ पुढं आली, आणि तीही तिच्याच करणीनं.

सुमंत पाटबंधारे खात्यात होता. बारा दिवसांच्या ट्रेनिंगला साताऱ्याला निघाला होता. त्यानं तिचा नंबर घेतला, घराची किल्ली दिली आणि जाताना बोक्यापेक्षा तिच्याकडंच जास्त वेळ बघितलं.

रोज संध्याकाळी सातला मालकाला फोटो पाठवायचा, हा शरयूचा नियम. चौथ्या दिवशी बोक्यानं खाजवून खाजवून कान सोलून घेतला, डॉक्टरांनी त्यावर जांभळं औषध फासलं. तोही फोटो गेला.

“भाऊसाहेब होळी खेळून आले काय?”

“आले. आणि जेवले. तुम्ही?”

“मेसची भाजी बघून उपास धरलाय.”

“डबा पाठवू?”

“डबा नको… डबा आणणारी चालेल.”

असं रोज थोडं थोडं बोलणं वाढत गेलं. हे शेवटचं वाक्य आलं आठव्या दिवशी, सुमंतच्या गच्चीत ती उभी असताना. काय उत्तर द्यावं? तिनं तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. गालातल्या गालात हसत मागं वळली तर दार सताड उघडं आणि बोका गायब.

सात वाजले. जनावर कधी रुसून खाटेखाली बसतं, फोटो काढू देत नाही, म्हणून या कामातली माणसं पहिल्या दिवशीच चार फोटो जादा काढून ठेवतात. शरयूकडंही होते. तिनं त्यातला एक पाठवला. “झोपलेत.”

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, “बरं.”

खपलं, असं तिला वाटलं. आणि मग स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिनं ताट बाजूला सारलं.

वाटीत सुकट घेऊन ती गल्लोगल्ली फिरली. खालच्या मजल्यावरच्या विजयमाला काकू म्हणाल्या, “आगं, बोका हाय त्यो, यील की. तू आदी चार घास खा.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा जुना फोटो. “खेळतायत.” अनोळखी माणूस आपल्या हाती घराची किल्ली देतो तो कशाच्या भरवशावर? बोका गेला तर गेला, पण हा माणूस आता आपलं तोंडही बघणार नाही, या विचारानं ती रात्रभर कुशी बदलत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं साताऱ्याची एसटी धरली.

जेवणाच्या सुट्टीत सुमंत ट्रेनिंग सेंटरच्या फाटकाबाहेर आला. शरयूनं मान वर केलीच नाही.

“भाऊसाहेब हरवलेत. परवापासून. दोन्ही फोटो जुने होते… मी खोटं बोलले.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“कान. जांभळा कान रातोरात पिवळा कसा होईल?”

धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं, असं शरयूला झालं. “मग बोलला का नाहीत?”

“कुठल्या तोंडानं बोलू? हा बोका महिन्या-दोन महिन्यांनी दोन-तीन दिवस पळतोच. पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही काम घेतलं नसतं… आणि मला तुमचा नंबर हवा होता.” तोही आता जमिनीकडं बघत होता. “तुमचं खोटं दिसलं, तेव्हा मला माझं आठवलं. लय लाज वाटली.”

“तिकडं मी रडत फिरत होते.”

“चुकलं माझं.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. विजयमाला काकूंचा आवाज शरयूलाही ऐकू आला. “आरं सुमंत, तुजा बोका माज्या माळ्यावर घोरतोय. त्या पोरीला कळव, लय रडत हुती.”

शरयूनं डोळे पुसले, पर्समधून किल्ली काढून त्याच्यापुढं धरली. “दुसरं कुणी बघा. मी निघते. दोनची गाडी आहे.”

त्यानं किल्ली घेतली नाही. स्टँडपर्यंत मात्र तो बरोबर चालत आला. सांगलीची गाडी लागलेलीच होती.

“शरयू… बोका सापडला. आता तुम्हाला थांबवायला माझ्याकडं निमित्तच उरलं नाही. म्हणून सरळच सांगतो, तुम्ही मला आवडता.”

“खोटं बोलणारी?”

“खोटं बोलून ते सांगायला सव्वाशे किलोमीटर येणारी.”

लाजेनं तिचे कान तापले. कंडक्टरनं घंटी दिली. “ओ ताई, येताय का न्हाई?”

शरयूनं मान खाली घातली, पाय मात्र जागचा हलवला नाही. गाडी गेली.