सव्वीस फूट

भंगारातल्या मारुतीच्या दोन सीटा, निळ्या रेक्झिननं मढवलेल्या.

कुपवाडच्या शेडला सात खांब.

पन्नास फुटी टेप, पहिला इंच झिजलेला.

फोटोत एकच माणूस.

इंद्रजितनं टेबलावर विमानाचे दोन नकाशे पसरले होते. दोघांनी बसायच्या विमानाचा पंख अखंड, एकोणतीस फुटी. एकट्याच्या विमानाचा एकवीस. कुठलं बांधायचं ते आज ठरणार होतं. सयाजी गवंडी सकाळीच वडूजहून आला होता, मोटारसायकलला दोन्ही सीटा बांधून. चार वर्षं दोघांनी मिळून हे वेड पोसलं होतं.

"दोगांचंच करूया की रं," सयाजी म्हणाला. "मी काय उडवत न्हाई. मागं गप बसतो. वरनं आमचं वडूज बगायचंय."

इंद्रजितनं मान खाली घातली. पेपरात फोटो आला तर तो आपल्या एकट्याचा असावा, एवढंच त्याच्या मनात होतं. शेड चांगली एकतीस फूट होती.

"मावत न्हाई गड्या. शेड सव्वीसच फूट हाय."

सयाजीनं शेडकडं बघितलं. मग त्याच्याकडं.

"व्हय? मग एकट्याचंच कर. दुसरी शीट च्या प्यायला बसाय ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी पंख जुळवायचा लांब बाक मांडायला इंद्रजितनं टेप लावली. सव्वीस फूट. झिजलेला इंच सोडून पुन्हा लावली. सव्वीसच. खांब मोजले, सात. पत्रा कुठं कापलेला नव्हता, भिंतीला भेग नव्हती. शेजारच्या कारखान्यात लेथ रोजच्यासारखं किरकिरत होतं.

आठवड्यानं चोवीस. त्यानं शेजारून स्टीलची टेप मागून आणली. चोवीस.

एकवीसवर आल्यावर त्यानं फोन लावला.

"सयाजी, मी खोटं बोललो. शेड एकतीस हुती."



"येतो," सयाजी म्हणाला. "मोजू परत."

तो आला. टेपचं टोक धरून समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. इंद्रजित अलीकडच्या भिंतीला टेकला. टेप ताणली.

"किती?"

"एकोणीस."

"मग एकट्याचं बी मावत न्हाई," सयाजी हळू म्हणाला. हसला नाही.

इंद्रजितला माफी मागायची होती. त्यानं तोंड उघडलं.

ताणलेली टेप मधोमध सैल पडली.

दोघांपैकी कुणीच हललं नव्हतं.

शेडचा पाया आठ वर्षांपूर्वी सयाजीनंच दोरी लावून आखला होता. एकतीस फूट.